ह्यांचं नको

आमच्या ह्यांचं नाव बाळ. बाळ खांबेटे. साठी जवळ आली, कानावरचे केस पिकले, तरी नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या कॅरी गावची सगळी मराठी मंडळी त्यांना बाळकाका म्हणतात आणि हेही मान डोलावत वळून बघतात. मी कांचन, त्यांची बायको. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण ह्या माणसाच्या तोंडून पहिल्या झटक्यात 'हो' आलेलं मी ऐकलेलं नाही. मला बघायला यायचं ठरलं तेव्हासुद्धा 'एवढ्यात नको' म्हणाले होते, असं सासूबाई सांगायच्या.

आता नको म्हणायची आपल्यात पद्धतच आहे म्हणा. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो. तो पानावर हात आडवा धरतो, आपण बोटांच्या फटीतून वाढतो. मग तो 'अहो, किती हे' म्हणत सगळं चाटूनपुसून संपवतो. त्यात कोणी खोटं बोलत नसतं. मागायची लाज वाटते, म्हणून समोरच्याने द्यायचं, एवढंच.

पण हे इथे अमेरिकेत कोणाला सांगणार? आलो त्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. ॲपल पाय केला होता, गरम, घरभर दालचिनीचा वास. हवा का म्हणून विचारलं. आम्ही दोघांनी अगदी शहाण्यासारखं 'नो, थँक यू' म्हटलं आणि आग्रहाची वाट बघत बसलो. बाई 'ओके' म्हणाल्या आणि ते ताट उचलून आत ठेवून आल्या. घरी येऊन ब्रेडला जॅम लावून खाल्ला आणि पोट धरधरून हसलो. मी त्या दिवशी धडा शिकले. पुढच्या वेळी बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'येस प्लीज' म्हणून मोकळी झाले. हे काही शिकले नाहीत.

लॅबमध्येही तेच. रिसर्च ट्रँगल पार्कला ह्यांची लॅब. ग्रुपचा हेड व्हायला आवडेल का, असं साहेबाने विचारलं. हे म्हणाले, माझ्यापेक्षा लायक लोक आहेत. साहेबाने ह्यांच्या मनमोकळेपणाचं कौतुक केलं आणि ह्यांनीच शिकवून तयार केलेल्या एका पोराला हेड केलं. काही वर्षांनी पुन्हा जागा आली, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. त्या दिवशी घरी आले आणि गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिले. मी चहा गरम करकरून कंटाळले, शेवटी बाहेर जाऊन दार उघडलं. तेव्हा म्हणाले, "आपल्या माणसांत असं झालं नसतं, कांचन. आपल्या माणसांना नको कळतं."

मला त्यांचा रागही आला, आणि दयाही आली.

तेव्हापासून ह्यांचा सगळा जीव मंडळात. आमचं आग्नेय मराठी मंडळ. आग्नेयेकडच्या राज्यांचं मिळून एक, म्हणून हे नाव, आणि राजधानी अटलांटा. गणपती कोणत्या शनिवारी, दिवाळीला कोण गाणार, मुलांचे कार्यक्रम घ्यायचे की नाही, सगळं अटलांटात ठरायचं. नॉर्थ कॅरोलायनाच्या आम्ही लोकांनी वर्गणी भरायची आणि सहा-सात तास ड्राइव्ह करून टाळ्या वाजवायला जायचं. एका वर्षी आमच्या मुलांनी तीन महिने बसवलेलं नाटुकलं त्यांनी परस्पर कॅन्सल केलं. पोरं रडली. ह्यांचं डोकं फिरलं. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की ह्यांची दातखीळ बसते, पण दुसऱ्यासाठी भांडायचं तर हा माणूस कोणाला ऐकत नाही. दर वार्षिक सभेला अटलांटाला जायचे आणि उभे राहून म्हणायचे, प्रत्येक राज्याच्या लोकांना स्वतःची निवडलेली सभा द्या, त्यांचे नियम त्यांना करू द्या. तिकडचे लोक हसायचे. आला होमरूलवाला, म्हणायचे. हे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहायचे.

शहाऐंशीच्या वसंतात अटलांटा नमलं. नॉर्थ कॅरोलायनाला स्वतःची प्रतिनिधी सभा मिळाली. सात जण आम्ही निवडायचे, बाकी सगळं ते सात जण ठरवणार. फोन ठेवला आणि हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. डोळे भरून आले होते. मी भाकरी थापत होते, तशीच पिठाच्या हातांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शर्टावर पांढरे पंजे उठले, ते रात्रीपर्यंत तसेच होते.

त्या पहिल्या सभेत आपण असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. बोलले नाहीत, पण मला काय कळत नाही? रोज सकाळी दाढी करताना बाथरूमच्या दारातून भाषण ऐकू यायचं. 'बंधुभगिनींनो, आज प्रथमच आपला कारभार आपल्या हाती येत आहे.' मग थांबायचे, घसा खाकरायचे, आणि स्वतःशीच म्हणायचे, 'आपला, आपल्या, दोनदा आलं.' मग पुन्हा पहिल्यापासून. मी बाहेर उभी राहून हसायचे.

नावं सुचवायच्या रविवारी मी त्यांना गाडीतच बजावलं. म्हटलं, कोणीतरी तुमचं नाव घेईल. ताबडतोब हो म्हणा. नखरे करू नका.

"नखरे कसले?" हे म्हणाले. "आपलीच माणसं आहेत. लगेच हो म्हटलं तर किती हपापलेलं दिसेल ते. दोनदा आग्रह होईल, मग हो म्हणेन."

"आणि नाही झाला तर?"

"आपल्या लोकांत आग्रह होत नाही असं कधी झालंय का?" असं म्हणून वर हसले.

मॉरिसव्हिलच्या एका चर्चचा तळघरातला हॉल घेतला होता. मसालेभात, सावर क्रीमचं श्रीखंड, कागदाच्या बशा. निवडणूक अधिकारी म्हणून माझ्या मैत्रिणीची, पद्मजाची, मुलगी दीपा उभी होती. तिला ह्यांनीच नेमलं होतं. चॅपल हिलला लॉ शिकत होती पोरगी. अटलांटासारखा पोरखेळ नको, सगळं नियमाने व्हायला हवं, हा ह्यांचाच हट्ट. लहान असताना रविवारी आमच्याच डायनिंग टेबलावर बसून ती मराठी वाचायला शिकली. सगळी अक्षरं आली, पण ळ काही जिभेवर बसला नाही. अजून 'बालकाका' म्हणते, आणि ह्यांना ते फार गोड वाटतं.

दीपा फळ्यावर नावं लिहीत होती. पाच-सहा झाली. मग प्रसन्न उभा राहिला. कॉम्प्युटरवाला, चाळिशीचा, हुशार मुलगा. म्हणाला, ज्यांच्यामुळे आज आपण इथे बसलोय त्या बाळकाकांचं नाव मी सुचवतो. टाळ्या झाल्या. दीपाने मोठ्या अक्षरात 'बाल खांबेटे' लिहिलं.

हे उठले. हात जोडले. मान थोडी तिरकी केली, जशी मला माहीतच होती. म्हणाले, "नको, नको. माझं कशाला? तरुणांना येऊ द्या आता."

आणि थांबले. हात तसेच जोडलेले, ओठांवर ते हसू. मी हॉलभर नजर फिरवली. म्हणा कोणीतरी, 'असं कसं, काका'. एक वाक्य. पद्मजाने तोंड उघडलं होतं, मी बघितलं. प्रसन्नही खुर्चीतून अर्धा उठला होता.

तेवढ्यात दीपा म्हणाली, "थँक यू, बालकाका. दॅट्स सो ग्रेशस." आणि डस्टर घेऊन तिने नाव पुसलं.

कोणी खवचटपणा केला असता तर मी भांडले असते. पण त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं हो. काकांनी स्वतः लढून मिळवलं आणि स्वतःच बाजूला झाले, असं तिला खरंच वाटलं. तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग तरुण मंडळी उभी राहिली, मग सगळा हॉल. आता त्या टाळ्यांत कोण म्हणणार, थांबा, ह्यांना हवंय म्हणून? पद्मजाने तोंड मिटलं. प्रसन्न खाली बसला आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

मी उठायला गेले तर ह्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. जोरात. चेहरा हसरा, आणि पाय असा की बोटं चेंगरली. बायकोने उठून नवऱ्यासाठी जागा मागायची, ह्याच्याइतकी शोभा दुसरी नव्हती, हे मलाही कळत होतं. गिळून बसले.

परत येताना गाडी हळू चालवत होते. मग म्हणाले, "चांगलं झालं. नवीन मंडळी पुढे आली." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मतदानाच्या दिवशी सूट घालून सगळ्यात आधी जाऊन मत देऊन आले. लोकांना खुर्च्या लावायला मदत केली. प्रसन्न अध्यक्ष झाला. त्याचं पहिलं भाषण चांगलं होतं, 'आपला' शब्द त्यात कितीदा आला ते त्यालाही ठाऊक नसेल. आमच्या बाथरूममधून मात्र त्या रविवारनंतर नुसता नळाचा आवाज यायचा.

पुढे काय झालं, तर पद्मजाने घरी लेकीला समजावलं. अगं, ते नको म्हणजे नको नव्हतं. आपल्यात दोनदा विचारतात. दीपाला धक्काच बसला. दोन दिवस जेवली नाही म्हणे. मग एका शनिवारी दुपारी ती आणि प्रसन्न आमच्याकडे आले, पद्मजाने केलेले रिकोटा चीजचे पेढे घेऊन. सभेने एकमताने ठरवलं होतं, बाळकाका आमचे आजीव सल्लागार. गणपतीला स्टेजवर शाल-श्रीफळ.

हे म्हणाले, "नको."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. ह्या वेळी फसणार नव्हते ना ते. असं कसं, काका, म्हणून प्रसन्न सुरू झाला. दीपा आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, तुम्ही नाय तर कोण?

"नको रे बाळांनो," हे म्हणाले. आवाज अगदी मऊ.

मग तर त्यांना जोरच चढला. दीपाने ह्यांचे दोन्ही हात धरले. प्रसन्न म्हणाला, आम्ही हो घेतल्याशिवाय उठणारच नाही. काय आग्रह केला पोरांनी, वाटावं की एखाद्या मंगलकार्यातली पंगत बसलीय. हा आग्रह त्या रविवारी तळघरात कुठे गेला होता, असं मला ओरडावंसं वाटलं. आणि मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मान तिरकी नव्हती. हात जोडलेले नव्हते. हे नको निराळं होतं. तीस वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं.

दीपा पुन्हा म्हणाली, "प्लीज, बालकाका. आग्रह आहे आमचा."

ह्यांनी तिच्या हातातून आपले हात हळूच सोडवून घेतले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि म्हणाले, "नो, थँक यू, दीपा."

इंग्रजीत. ह्या मुलीशी हे आयुष्यात इंग्रजीत बोलले नव्हते. तिचं बोट धरून अ आ ई शिकवलं तेव्हापासून नाही. तिला मात्र ते लगेच कळलं. हसू तिच्या तोंडावरून उतरलं. 'ओके' म्हणाली, अगदी बारीक आवाजात, आणि पर्स उचलली. प्रसन्न काहीतरी बोलणार होता, त्याला तिने कोपराने थांबवलं. पेढ्यांचा डबा टेबलावरच राहिला.

गाडी गेल्याचा आवाज आला तरी हे दाराशी उभे होते. मी पानं घेतली. काहीतरी करायला हवं होतं, म्हणून लवकरच घेतली. आमटी, भात, भेंडीची भाजी. हे जेवायला बसले. भात अर्धा झाला, मी आमटीचा डाव घेऊन गेले.

"नको," म्हणाले.

आजवर ह्यांचं नको ऐकून माझा हात कधी थांबला नव्हता. त्या दिवशी थांबला. डाव तसाच हवेत, आमटी टेबलक्लॉथवर ठिबकायला लागली, आणि मला काही केल्या कळेना की हे कोणतं नको आहे. शेवटी मी विचारलं, "खरंच नको, का?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. नुसते दमलेले दिसत होते.

"तूसुद्धा विचारायला लागलीस, कांचन," म्हणाले.

मी घाईघाईने वाढली. पानभर वाढली. त्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही.