ट्रेलरपुढचा वारा

सुहासिनीने लोकरीचा लाल धागा दातांनी तोडला आणि वारा कुठे कसा वळतो ते दिसावं म्हणून चिकटपट्टीने ट्रेलरच्या कपाळावर डकवला. सगळं कपाळ धाग्यांनी भरलं, तशी ती पिकअपच्या मागच्या सीटवर चढली आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसली.

"चाल," ती म्हणाली.

अपूर्वने गाडी आउटर रिंग रोडला काढली. शेजारी बायको, प्रीती. मागे आधीची बायको. दुसरा कोणी असता तर मान खाली गेली असती. पण लाज अपूर्वच्या वाटेला कधी गेलीच नव्हती. राहण्या-झोपण्याचा हा ट्रेलर त्याने आणि सुहासिनीने मिळून बांधला होता. घटस्फोटात तो त्याने ओढून नेला, ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांना भाड्याने देऊ लागला, आणि ओढताना डिझेल फार खातो म्हणून तिच्याच फायबरच्या कारखान्यात येऊन उभा राहिला. दुसऱ्या कोणाले हे जमत नाही वं, असं वर गोड बोलून.

वेग वाढला तसा वारा टपावरून घसरून ट्रेलरच्या सपाट कपाळावर आदळू लागला. मधल्या फटीत धागे वेड्यासारखे गरगरत होते. केबिनमध्ये कानठळ्या बसत होत्या. प्रीती काहीतरी बोलली. अपूर्वने कानाकडे बोट दाखवून मान हलवली.

शेडमध्ये परतल्यावर सुहासिनीने पिकअपच्या टपावर डिफ्लेक्टर चढवला. तिने घडवलेला फायबरचा उतार. वाऱ्याला उचलून ट्रेलरच्या डोक्यावरून नेणारा. मागचे बोल्ट तिने आवळले. पुढचे नुसते बोटांनी फिरवून सोडले. भर रस्त्यात वारा खाली शिरेल, डिफ्लेक्टर उपटेल आणि ट्रेलरचं कपाळ फोडेल. फुटू दे. गाडीत कोण बसलं असेल याचा विचार तिने केला होता, आणि तरी सोडले होते.

अपूर्व तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला गेला होता. प्रीती शिडीपाशी आली.

"ताई, आवाज पूर्ण जाईल ना?"

"डिझेल वाचंल."

"डिझेल मरू द्या. घरी हे टिकतच नाहीत. गाडीतच सापडतात. अन् गाडीत काही विचारलं का म्हणतात, हवा आहे, ऐकू येऊन नाही राहिलं."

सुहासिनी शिडीवर तशीच उभी राहिली. हेच उत्तर तिने याच गाडीत, प्रीतीच्या आताच्या सीटवर बसून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. तिचाही प्रश्न एकच होता आणि त्या प्रश्नाचं नाव प्रीती होतं. शेवटी ओरडून विचारलं, तर कोर्टात तो म्हणाला, ही बाई ओरडते.

"काय विचारायचं आहे त्याले?"

प्रीती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दया वगैरे काही नव्हती. या बाईची दया करायला सुहासिनी काही साधूसंत नव्हती. पण तिने पाना उचलला आणि पुढचे बोल्ट असे आवळले की मनगट दुखलं. मग कोणी न सांगता फटीच्या दोन्ही बाजूंना रबरी पट्टे लावले. दारांच्या काचांची झिजलेली रबरंही बदलली.

अपूर्व तोंडात खर्रा धरून बघत राहिला. "काहून एवढं करून राहिली?"

"करायचं तं नीट करायचं. बस, एक फेरी मारू."

तोच रस्ता, तोच वेग. वारा वरच्या वर निघून जात होता. धागे पत्र्याला चिकटून निजले होते. केबिनमध्ये टायर घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"वा," अपूर्व म्हणाला. "काय शांत झाली गाडी."

"काजल कोण आहे?" प्रीतीने विचारलं.

"काय?" तो सवयीने म्हणाला.

"काजल." तितक्याच हळू.

गाडीचा वेग उतरू लागला. सुहासिनीने मागच्या काचेवरून नजर हलवली नाही.

"स्पीड कमी नको करू, अपूर्व," ती म्हणाली. "माझं पाहणं व्हायचं आहे अजून."