तापणाऱ्या गाडीचे तीन थांबे

होय, मी एक जुनी मिनीबस आहे. निळा रंग उडालाय, हॉर्नचा घसा बसलाय. पण मित्रांनो, "बिचारी!" म्हणून मान हलवणार असाल, तर आधीच सांगते, मला कुणाची कीव नको.

कारखान्यातून निघाले तेव्हा मोठ्या शहरात मिरवायचं स्वप्न होतं. बोटीतून उतरवलं ते थेट या एवढ्याशा बेटावर! इथे धक्क्यापासून निघालेला एकच रस्ता कड्याकडेने फिरून पुन्हा धक्क्यावर येतो. पाहुण्यांना तेवढी फेरी घडवायची, हे माझं काम.

पण चढ लागला की माझं इंजिन तापायचं. पहिल्या चढावर, विहिरीजवळ, मी वाफा सोडत उभी राहायचे. ड्रायव्हरकाका पाणी ओतेपर्यंत माणसं कुरकुरत खाली उतरायची आणि समोर बघून हरखून जायची. खाली अख्खी खाडी चमकत असायची. पुढे दीपस्तंभाच्या वळणावर तापायचे. मग काळ्या कातळापाशी, जिथे लाट फुटली की तुषार रस्त्यावर येतात. कुठे चढायला नको, चालायला नको. दारातून पाय खाली टाकला की समुद्र! गुडघे धरून बसणाऱ्या आज्यासुद्धा हौसेने उतरायच्या. कालांतराने तिथे बाकं आली, पाट्या लागल्या. त्या जागा कुणी शोधल्या? मी! तापून तापून शोधल्या.

मालकांना मात्र माझी लाज वाटू लागली. त्यांनी मोठी काचबंद गाडी आणली. ती कुठेच थांबत नसे. "हे धूड भंगारात द्या," म्हणाले. मला धक्क्यामागे उभं केलं. चाकांतली हवा गेली, आरशावर जाळी धरली. मी रडले नाही. नवी गाडी समोरून गेली की तिच्याकडे दिवे वटारून बघायचे.

भंगारवाला यायचा होता त्याच सकाळी एक आजी काठी टेकत नव्या गाडीतून उतरल्या. "झालं? अहो, मग बेट कधी दाखवणार?"

"आजी, दाखवलं की! काचेतून सगळं दिसतं," मालक म्हणाले.

"काचेतून बघायला माझ्या घरी टीव्ही आहे. ती निळी कुठंय? मागच्या खेपेला तिनं मला समुद्राचं पाणी तोंडावर घ्यायला लावलं होतं."

पुढच्या फेरीसाठी रांगेत उभी असलेली माणसं हसली. त्यातल्या दोघांनी लगेच विचारलं, "ती गाडी मिळेल का हो?" मालकांचा चेहरा एवढासा झाला. ड्रायव्हरकाकांची मुलगी गॅरेज चालवते. ती तिथेच धक्क्यावर होती, पटकन पुढे झाली. "मालक, भंगारवाल्याला परत पाठवा. हिचा रेडिएटर बदलायचं मी बघते."

तिने रेडिएटर बदलला, चाकं भरली, काचा पुसल्या. पहिल्या फेरीला ती स्वतः मागे बसली, आजी पुढे. विहिरीजवळ ड्रायव्हरकाकांनी मला उभं केलं, बॉनेट उघडलं आणि तोंड गंभीर करून म्हणाले, "तापली बुवा! वेळ लागेल, खाली उतरा सगळे."

"अहो बाबा, नवा रेडिएटर आहे! तापेल कशी?"

"गप गं. आजींना उतरू दे."

तेव्हा मित्रांनो, जुन्या गाडीला वेळेवर पाणी द्या, तेल द्या, फडकं मारा, उसासे नकोत. आणि मी वाटेत उभी राहिले तर घड्याळ बघू नका. माझं इंजिन थंडगार आहे. मी मुद्दाम थांबलेय. उतरा खाली!