दीड दिवसाचा गणपती, महिन्याभराचं पाणी

माझी लेक सानिका डेंग्यूतून उठली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "दोबारा हुआ तो ज़्यादा बिगड़ सकता है." झालं. मी हात धुऊन डासांच्या मागे लागले.

ही शहाण्णव सालची गोष्ट. तिकडे उत्तरेत, मानक नगरातलं आमचं रेल्वे क्वार्टर तळमजल्यावर. पहिला संशय अर्थात समोरच्या नीलमभाभींच्या कूलरवर. दिवाळी तोंडावर आली तरी बाईंचा पाण्याचा कूलर खिडकीतच. गेले आणि चांगली खरडपट्टी काढली. त्या बिचाऱ्या गप्प ऐकत राहिल्या, म्हणून मला आणखीच चेव आला.

दोन दिवसांनी मलेरिया विभागाचे जगदीशबाबू तपासणीला आले. माझा दुसरा संशय मागच्या नाल्यावर; मी त्यांना तडक तिकडे न्यायला निघाले.

"बहनजी, यह मच्छर नाले का नहीं," ते शांतपणे म्हणाले. "इसे साफ पानी चाहिए. दिन में काटता है. काटती भी सिर्फ मादा है, अंडों के लिए."

म्हणजे रात्रभर मच्छरदाणी खोचून मी पोरीला जपत होते आणि ही पायांवर पांढरे पट्टे मिरवणारी बया भरदुपारी येऊन जेवून जात होती. माझं डोकंच फिरलं. "तो फिर कूलर देखिए," मी म्हटलं. त्यांनी पाहिला. ठणठणीत कोरडा. मला पाहून नुकताच पुसला असणार, मी मनात म्हटलं.

मग ते आमच्या मागच्या अंगणात आले. कोपऱ्यात टब, टबात आमचा दीड दिवसाचा गणपती. दिरांनी पुण्याहून पाठवलेला. महिना उलटला तरी विरघळायचं नाव नाही. "अगं, प्लास्टरचा आहे तो," असं माझे यजमान श्रीरंग म्हणाले होते. "तुमचं संशोधन ऑफिसात करा," मी त्यांना गप्प केलं होतं. मूर्ती पूर्ण विरघळेपर्यंत टब हलवायचा नाही, आमच्याकडची रीत. पाणी आटलं की रोज आंघोळ करून मीच तांब्याभर ताजं पाणी घालायची.

जगदीशबाबूंनी हात जोडले, चपला काढल्या आणि वाटीभर पाणी उचललं. वाटीत अळ्या वळवळत होत्या. पुष्कळ.

"आठ-दस दिन में ये सब उड़ जाते," ते म्हणाले.

मी मूर्ती पाटावर ठेवली आणि सगळं पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी, उन्हातल्या मातीत ओतलं. अळ्या वळवळत सुकत गेल्या. मी तिथेच बसून राहिले. मला रडू आलं.

आतून सानिकाने विचारलं, "मम्मी, मच्छर कहाँ से आया था?"

नीलमभाभींचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पोरीने निमूट मान्य केलं असतं.

"आपल्याच टबातून, बाळा. मीच रोज ताजं पाणी घालत होते."

ती उठून दारात आली. मग म्हणाली, "नीलम आंटी को बताया?"

मी पदराने तोंड पुसलं आणि समोरच्या दाराची कडी वाजवली.