शिळं तर शिळं

कोल्हापुरात माणूस हळूहळू बहिरा होत गेला तर ते कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही, कारण इथं हळू कुणी बोलतच नाही. भाऊसोंचा डावा कान वर्षभर गुपचूप रजेवर जात राहिला आणि घरात, गल्लीत, वर्कशॉपात कुणाला पत्ता लागला नाही. त्यांची बायको संयोगिता स्वयंपाकघरातून "अवो, आलासा का?" म्हणाली की चौकातला रिक्षावालाही मान वळवायचा. रविवारी ते वरातीत बेंजो वाजवायला जायचे, तिथं तर ढोल आणि स्पीकरच्या मधोमध उभं राहायचं. तिथं धडधाकट कानाच्या माणसालाही काही कळत नसतं. अडचण फक्त एका माणसाची होती, मुलीची. प्रीती वीस वर्षांची, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, आणि या घरात कुणावर गेली कोण जाणे, बोलायची अगदी हळू.

न ऐकलेल्या बोलण्यावर भाऊसोंकडं एक हुकमी उपाय होता. समोरच्याच्या तोंडाकडं नीट बघायचं आणि छाती काढून म्हणायचं, "व्हय की!" दहातल्या आठ वेळा ते बरोबर बसायचं. उरलेल्या दोन वेळांच्या कृपेनं ते तालीम मंडळाचे अध्यक्ष झाले होते आणि मेव्हण्याच्या वास्तुशांतीला गुलाबी झब्बा घालायचं कबूल करून बसले होते. पण "परत सांग" एवढं काही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. आणि निघणार कसं? उद्यमनगरात त्यांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, आणि तिथं त्यांना नावानं कमी आणि 'कान' म्हणून जास्त ओळखत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि आतलं काय झिजलंय ते एकही नट न सोडता सांगायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि एकही इंजिन त्यांच्याकडं तक्रार घेऊन परत आलं नव्हतं.

फोननं त्यांचं पितळ उघडं पाडलं. महिनाभर ते फोन कंपनीला शिव्या देत होते. एकदा चुकून फोन उजव्या कानाला लागला आणि आवाज खणखणीत आला. दुसऱ्याच दिवशी ते शाहूपुरीत कानाच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, "डावा बराच गेलेला दिसतोय. उजव्याचीही मला खात्री वाटत नाही. गुरुवारी मशीनवर तपासणी करू, मग काय ते कळेल." गुरुवारला आठ दिवस होते.

उजव्याचं ऐकून भाऊसोंना आधी स्क्रूड्रायव्हर आठवला. दोन्ही कान गेले तर त्या स्क्रूड्रायव्हरनं काय, पाठ खाजवायची? पण गडी हातपाय गाळणारा नव्हता. आठ दिवस कुणाला काही सांगायचं नाही, कामात खाडा पाडायचा नाही, बेंजो सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि घरी सांगून टाकलं, "गुरुवारी राधानगरीला एक इंजिन बघायला जायाचं हाय."

शुक्रवारी कागलकडचा गुंडू गुऱ्हाळाचं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला. "भाऊसो, ऐन हंगामात लई खडखडायलंय बघा." भाऊसोंनी स्क्रूड्रायव्हर उजव्या कानाला लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "टॅपेट ढिलं झालंय." एवढ्यात प्रीती जेवणाचा डबा घेऊन आली. इंजिनाजवळ जरा थबकली, वाकली आणि काहीतरी म्हणाली. त्या गोंगाटात भाऊसोंना फक्त 'शिळं' तेवढं कळलं.

"शिळं तर शिळं," ते म्हणाले. "ठीव तिथं. खातो मी."

प्रीतीनं त्यांच्याकडं क्षणभर बघितलं, डबा ठेवला आणि गेली. भाऊसोंनी टॅपेट बसवलं, खडखड थांबली, गुंडू खूश होऊन गेला. दुपारी डबा उघडला तर भाकरी सकाळचीच, मऊसूत, आणि वर ताजा ठेचा. पोरीचं आपलं काहीतरीच, असं म्हणून त्यांनी सगळं पुसून खाल्लं.

रविवारी सकाळी गुलाबी झब्ब्यात वास्तुशांती उरकून ते दुपारी वरातीला बेंजो वाजवायला हजर झाले. ढोलवाल्या आण्णानं गाणं संपल्याची खूण केली ती पाठीमागून, त्यामुळं सगळे थांबले तरी भाऊसो एकटेच वाजवत राहिले. सगळे बघायला लागल्यावर त्यांनी डोळा मारला आणि आणखी दोन ओळी ठोकल्या. वरातीनं शिट्ट्या मारल्या. "नाद खुळा, भाऊसो!" आण्णा म्हणाला. भाऊसोंनी झब्ब्याच्या बाहीनं कपाळ पुसलं, आणि तो घाम उन्हाचा नव्हता.

मंगळवारी टेम्पो परत आला.

"इंजिन जाम झालं की वो!" गुंडू खाली उतरायच्या आधीच ओरडला. "काहिलीभर उसाचा रस वाया गेला माझा!" भाऊसोंनी इंजिन खोललं. आतलं बेअरिंग कोरडं पडून खाऊन गेलं होतं. असं बेअरिंग जाम व्हायच्या आधी चार-आठ दिवस बारीक, उंच आवाज काढत असतं. शुक्रवारीही काढत असणार. टॅपेटच्या खडखडीखाली तो होता आणि त्यांना तो आलाच नव्हता.

"चूक माझी," ते म्हणाले. "मापाचं बेअरिंग गुरुवारी ईल. शुक्रवारी सकाळी इंजिन न्या, तुमचा एक पैसा लागायचा न्हाय."

"आसू द्या, भाऊसो. वय झालं, तुम्ही तर काय करणार?" गुंडू एकदम मवाळ होऊन म्हणाला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर भाऊसोंना बरं वाटलं असतं.

गुरुवारी त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. तपासणी करणारी बाई काचेपलीकडं मशीनपुढं बसली. "कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं, काका."

पहिले दोन आवाज आले. मग बराच वेळ काही नाही. भाऊसोंनी सवयीनं बाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आवाज सोडताना बाईची हनुवटी जराशी खाली जाते. वर्षभर माणसांची तोंडं वाचून तयार झालेली नजर ती, चुकते कशाला? हनुवटी हलली, त्यांनी बटण दाबलं. परत हलली, परत दाबलं. असं चाललं असतं तर पैकीच्या पैकी मार्क घेऊन ते बाहेर पडले असते.

मग त्यांना ते खाऊन गेलेलं बेअरिंग आठवलं. बेअरिंगला काय वाचायला तोंड असतं? त्यांनी हात वर केला.

"बाई, मी लबाडी करायलोय. तुमची हनुवटी बघून दाबलं. पहिल्यापास्नं घ्या."

त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे मिटले. आवाज येत होते, मधे मोठमोठ्या रिकाम्या जागा जात होत्या, आणि त्या रिकाम्या जागांत काय काय असेल हा विचार मनातून हलत नव्हता. तरी बटण त्यांनी खोटं दाबलं नाही.

निकाल आला तो असा: डाव्यातले बारीक आवाज गेले ते गेले, ऐकायचं मशीन लावावं लागेल. उजव्याला सुरुवात झालीय, पण वर्कशॉपात कानाला संरक्षण लावलं आणि स्पीकरपासून लांब राहिलं तर टिकेल. टिकेल म्हटल्यावर भाऊसोंनी डॉक्टरांचा हात हातात घेऊन इतका हलवला की त्यांचं पेन खाली पडलं.

घरी चहा घेताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. संयोगिता कडाडली, "कान जायची पाळी आली आणि मला सांगितलं न्हाईसा?"

"आरडू नगं. उजवा हाय अजून."

"मी आरडत न्हाय, बोलतोय!" असं म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले. पदरानं पुसून ती परत चहा ओतायला लागली.

प्रीती उठून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. "पप्पा, त्या दिवशी मी शिळं म्हटलंच न्हवतं."

"मग?"

"शीळ म्हटलं. इंजिनातनं बारीक शीळ यायली होती."

भाऊसोंच्या हातातला कप तसाच राहिला. पोरीनं शुक्रवारीच सांगितलं होतं, आणि आपण तिला भाकरीचं उत्तर दिलं. आधी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आतून आनंद असा उसळून आला की त्यांना बसवेना.

"तुला कसं कळलं गं?"

"ल्हानपणापास्नं तुमच्याशेजारी उभारतोय की."

संध्याकाळी पाचला दोघं वर्कशॉपात होती. नवीन बेअरिंग आलं होतं. भाऊसोंनी ते बसवलं, इंजिन चालू केलं आणि स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावला. सगळं बरोबर वाटत होतं, पण शुक्रवारीही तसंच वाटलं होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर फडक्यानं पुसला आणि पोरीच्या हातात दिला.

प्रीतीनं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिचे ओठ हलले. भाऊसोंना एक अक्षर कळलं नाही. 'व्हय की' अगदी जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"ऐकू आलं न्हाय, पोरी. परत सांग."

ती जरा मोठ्यानं बोलली.

"अजून मोठ्यानं. परत सांग."

"शीळ न्हाय, पप्पा!" प्रीती आयुष्यात पहिल्यांदा कोल्हापूरकरासारखी ओरडली. "इंजिन ठणठणीत हाय!"

समोरचा लेथवाला काय झालं म्हणून दारात आला. भाऊसोंनी त्याला तिथूनच सांगितलं, "उद्यापास्नं हितला कान ही हाय. मला काय सांगायचं आसलं तर मोठ्यानं सांगा, डावा गेलाय माझा!"