तीन नंबरचं पुढचं चाक

वाहन तपासणीचा तक्ता कसा भरतात, हे तुम्हाआम्हाला काय नवीन आहे? रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत पाच मोटरसायकली होत्या. रोज सकाळी ब्रेक, दिवे, आरसे, टायर बघायचे आणि तक्त्यात खूण करायची, हे काम ऑफिसातल्या सर्वांत जुन्या कारकुनाकडे. गृहस्थ सोमवारी चहा पिता पिता शनिवारपर्यंतचे सगळे रकाने भरून मोकळे व्हायचे. खुणाही कशा, एका मापाच्या, सुबक. त्यांचं नावच बरोबरराव पडलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. बारा वर्षांत काही झालं नव्हतं, एवढंच.

त्यांची मुलगी तिथेच कामाला होती. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायची. बुधवारी सकाळी तिची गाडी काही केल्या सुरू होईना.

"बाबा, तीन नंबर आज रिकामीच आहे, घेऊन जाऊ का? तिचं हँडल थरथरतं म्हणतात."

बरोबररावांनी खुर्चीतून न उठता तक्ता पुढे ओढला. तीन नंबर, बुधवार, टायर: बरोबर.

"काही झालेलं नाही तिला. बिनधास्त जा."

आता बघा, खूण यांचीच, सोमवारी गाडीचं तोंडही न बघता केलेली, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारेही हेच! मुलगी टेकडीवरच्या वस्तीकडे निघून गेली.

अकराच्या सुमारास समोरचे पंक्चरवाले काका आपल्या साखरेचा रिपोर्ट न्यायला आले. चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, ती तीन नंबर आज बाहेर नाही ना सोडली?"

"का हो?"

"काल हवा भरायला आली होती. पुढचा टायर डावीकडून पार गुळगुळीत झालाय आणि उजवीकडे नक्षी तशीच. हात फिरवला तर खड्डे लागतात. पुढचे शॉकअप गेलेत, त्यात हवा कमी, आणि तशीच पळवलीय कित्येक महिने. चालवणाऱ्याला म्हटलं, ऑफिसात सांग. तर तो म्हणतो, तक्त्यात बरोबर लिहिलंय."

बरोबररावांनी मुलीला फोन लावला. फोन कव्हरेज क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घाईत भलताच नंबर दाबला गेला.

"काका, माझी मुलगी गेलीय त्या गाडीवर. टेकडीवर."

काकांनी रिपोर्ट तसाच टेबलावर ठेवला. "चला, बसा माझ्या स्कूटरवर."

रस्ता चढाचा, वळणावळणाचा, कडेला बारीक खडी पसरलेली. बरोबरराव प्रत्येक वळणाआधी डोळे मिटत होते आणि वळण आलं की उघडत होते.

"मागचं चाक सरकलं तर माणूस सावरतो, साहेब," काका पुढे बघत बोलले. "पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही. त्यात डावं वळण आणि खडी असली तर..."

"काका, नका बोलू."

"बरं. पण एक विचारतो. तुम्ही खूण करता म्हणजे काय करता? शब्द देता ना? त्या शब्दावर बसून कुणीतरी घराबाहेर पडतं. चाळीस वर्षं हवा भरतोय मी. तुमच्यासारखे पुष्कळ बघितले. कुणीच वाईट नसतं. सगळ्यांना वाटतं, आजपर्यंत कुठे काय झालंय?"

एका वळणावर माणसं जमलेली दिसली आणि बरोबररावांनी काकांचा खांदा गच्च धरला. पण ती टेम्पोतून सामान उतरवणारी माणसं होती.

पुढच्या डाव्या वळणावर मात्र तीन नंबर आडवी पडली होती. खडीत लांबलचक ओरखडा होता. मुलगी कुठेच नव्हती.

बरोबरराव स्कूटर थांबायच्या आत उतरले, धडपडले आणि तिला हाका मारत सुटले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

"बाबा, इकडे."

कठड्यामागे सावलीत ती बसली होती. कोपर सोललेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली, आणि मांडीवर नमुन्यांचा डबा. एकेक नळी उजेडात धरून फुटली तर नाही ना, ते बघत होती. बरोबरराव तिच्यासमोर मटकन बसले. तिचा हात हातात घेतला आणि त्यांना रडू कोसळलं.

"बाबा, रडू नका. माझीच चूक आहे," ती म्हणाली. "हँडल थरथरत होतं. पण तुम्ही बरोबर आहे म्हणालात, म्हणून वाटलं, माझेच हात थरथरताहेत. मग मी आणखी जोर लावून धरलं. चालवता आली नाही मला, दुसरं काय."

काका गाडी उचलायला गेले होते. बरोबररावांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणाला कळणार होतं? मुलीने तर दोष स्वतःच्या अंगावर घेतलाच होता. क्षणभर, खोटं कशाला सांगा, त्यांच्या मनात तेही येऊन गेलं.

"चूक तुझी नाही गं," ते म्हणाले. "मी गाडी बघितलीच नव्हती. सोमवारीच सगळ्या आठवड्याच्या खुणा करून टाकल्या होत्या. बारा वर्षं हेच करतोय."

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने हळूच हात सोडवून घेतला आणि विचारलं, "मग आत्ता बाहेर असलेल्या बाकीच्या तीन गाड्या?"

बरोबरराव ताडकन उठले. मुलगी सापडली म्हणून जी भीती जरा ओसरली होती, ती तिपटीने परत आली. त्या गाड्या चालवणारी तिघंही कुणाची तरी लेकरं होती. ते फोनला रेंज मिळेपर्यंत रस्त्याने खाली धावले आणि एकेकाला फोन लावला.

"गाडी बाजूला घे. खाली उतर. पुढच्या टायरवरून हात फिरव आणि काय लागतं ते मला सांग. नाही, आत्ता. मी थांबतो."

दोघांनी ठीक म्हणून सांगितलं. तिसऱ्याने फोन चालू ठेवूनच टायरवरून हात फिरवला. मग म्हणाला, "साहेब, इथे खड्डे लागताहेत."

मंडळी, आपण रोज कुठे ना कुठे खूण करतो, सही करतो, 'सगळं ठीक आहे' म्हणतो. कागदाला त्याने काही होत नाही. पण त्या ठीकवर विसंबून जो माणूस घराबाहेर पडतो, त्याने स्वतःचा जीव आपल्या हाती दिलेला असतो. तेव्हा आधी उठा, वाका, हात लावून बघा. आणि बघितलं नसेल, तर निदान 'बघितलं नाही' एवढं तरी खरं सांगा.