सात नंबरची पाचर

पत्र्याची झाकणं काढणाऱ्या त्या कारखान्यात बारा प्रेस होत्या आणि बाराही प्रेसवर बायका होत्या. प्रत्येक प्रेसला दोन बटणं, एकेका हातासाठी एकेक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे आत बोट राहायचा प्रश्नच नाही. मशीन मोठं शहाणं होतं. पण ते बनवणाऱ्याने दिवसातून चार हजार वेळा दोन्ही हात खांद्याइतके उचलून बघितले नव्हते. तिसऱ्या महिन्यात बाईचा खांदा धरायचा आणि पाचव्या महिन्यात केस विंचरताना डोळ्यांत पाणी यायचं.

खात्यातला फिटर मनाचा मऊ. सुपरवायझर एकदा त्याला म्हणाला, "फिटर, बायका कुरकुर करतायत, माल कमी पडतोय. जरा डोकं चालव." फिटरने डोकं चालवलं. अंगठ्याएवढ्या बारा लाकडी पाचरी तासल्या, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या आणि प्रत्येक प्रेसच्या उजव्या बटणाच्या खाचेत एकेक बसवून दिली. उजवं बटण कायमचं दाबलेलं. आता डाव्या हाताने बटण दाबायचं आणि मोकळ्या उजव्याने पत्रा सरकवायचा. माल दीडपट झाला. सुपरवायझर खूश, बायका खूश. त्या त्याला 'पाचरभाऊ' म्हणायला लागल्या आणि पठ्ठ्याची कॉलर ताठ झाली. सात नंबरवर त्याची बायको होती. तिची पाचर त्याने जरा जास्तच निगुतीने तासली होती.

बाहेरचं कोणी तपासणीला आलं की सुपरवायझर शिट्टी वाजवायचा. शिट्टी वाजली की बारा पाचरी बाहेर, ॲप्रनच्या खिशात. पाहुणे गेले की पुन्हा जागेवर. दोन वर्षांत ही गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. एखादं मशीन बंद असलं तर त्याची पाचर फिटर काढायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती. फिटर नऊ नंबरला तेल देत होता. सात नंबरचा आवाज बदलला, रोजचा खणखणीत ठोका न येता काहीतरी मऊ चिरडल्यासारखं वाजलं. तो धावला. तो पोचला आणि त्याच क्षणी, काय झालं ते ओळखून, सुपरवायझरने शिट्टी वाजवली. फिटरचा हात आपसूक बटणाकडे गेला. त्याने पाचर उपटली, खिशात घातली आणि मग बायकोच्या हाताकडे बघितलं. ती ओरडत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला, एकटाच.

भरपाईचा अर्ज केला तर कंपनीचं उत्तर आलं : त्याच दिवशी मशीन तपासलं, दोन्ही बटणं ठीक, दोष काही नाही, बाईनेच काहीतरी करून सुरक्षा टाळली असणार, सबब भरपाई नामंजूर. अकरा बायकांना विचारलं तर अकराही जणींनी कानावर हात ठेवले. पाचर? कसली पाचर? त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. प्रत्येकीच्या मागे घर होतं आणि प्रत्येकीला तिथंच कामावर जायचं होतं.

मोफत कायदा मदतीचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. खालून रबराचा वास यायचा, आणि फायलींनी फुगलेलं कपाट बंद राहावं म्हणून त्याला खुर्ची टेकवून ठेवलेली. वकीलबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फाईल वाचली आणि विचारलं, "दोन्ही बटणं चालू होती तर हात आत गेलाच कसा?"

नवरा-बायको दोघंही मूग गिळून बसली. तिसऱ्या खेपेला मात्र फिटर एकटाच गेला आणि भडाभडा सगळं बोलला. खिशातली पाचर काढून टेबलावर ठेवली. तिच्या एका कडेवर काळा डाग होता.

वकीलबाईंनी पाचर उचलून तो डाग निरखला. "हे तुम्ही सुनावणीत सांगाल? सुपरवायझरने काय सांगितलं, शिट्टी, सगळं? कंपनीच्या संमतीने हे चालत होतं असं ठरलं, तर तुमच्या बायकोची केस उभी राहते. तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही."

"सांगेन."

"ही पाचर त्या दिवशी बरोबर आणा."

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तो घरी पोटभर जेवला. बायकोला एवढंच म्हणाला, "वकीलबाई म्हणतात, होईल काम."

सुनावणीच्या दिवशी ती दोघं भरपाईचे अर्ज ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या दाराबाहेर लाकडी बाकावर बसली होती. फिटर पाणी आणायला गेला तेवढ्यात बायकोने वकीलबाईंना विचारलं, "यांनी सांगितल्यावर यांचं काय होईल?"

वकीलबाई खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या सरळ बाई. "नोकरी जाईल. कंपनी सगळं त्यांच्यावर ढकलायला बघेल, पोलिसांत तक्रारही करेल. आपण लढू. पण खात्री देत नाही."

फिटर पाणी घेऊन आला तेव्हा बायको पदराखाली उजवा हात झाकून समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिने पाणी घेतलं नाही.

आधी तिला बोलावलं. अधिकाऱ्याने विचारलं, "बटणात काही अडकवलं होतं का?"

"हो. लाकडाची पाचर."

कंपनीचा वकील सावध झाला. वकीलबाई किंचित पुढे सरकल्या.

"कोणी बनवली?"

"मीच. घरून आणली होती."

"सुपरवायझरला माहीत होतं?"

"नाही साहेब. कुणालाच नाही. खांदा दुखायचा म्हणून केलं. माझीच चूक."

वकीलबाई ताडकन उठल्या. "साहेब, अर्जदार घाबरलेली आहे. माझा दुसरा साक्षीदार बाहेरच आहे, त्याला ऐकून घ्या." अधिकाऱ्याने तिचा जबाब लिहून घेतला आणि त्याला आत बोलवायला सांगितलं.

फिटर आत आला. वकीलबाई त्याला म्हणाल्या, "तुमच्या पत्नी म्हणतात, पाचर त्यांनीच बनवली. खरं काय ते साहेबांना सांगा."

त्याचा हात खिशात होता, मुठीत पाचर होती. त्याने बायकोकडे बघितलं. तिने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. एवढंसं निमित्त त्याला पुरलं. पुढे तो स्वतःला लाख वेळा सांगणार होता की तिने मना केलं म्हणून. पण त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं, हे त्याचं त्याला पक्कं माहीत होतं.

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला.

वकीलबाईंनी फाईल बांधली. दोघांकडे न बघता त्या निघून गेल्या.

बसथांब्यावर दोघं शेजारी बसली. तीच आधी बोलली. "वाईट वाटून घेऊ नका. घरात तुमचे दोन हात धड आहेत, ते कामावर राहू देत."

तो ढसाढसा रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. मग हळू आवाजात विचारलं, "अहो, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही आधी पाचर काढलीत. मग माझा हात बघितलात. मला बोल लागू नये म्हणूनच काढलीत ना?"

इतके महिने ती हे मनात धरून होती. त्याने एक 'हो' म्हटलं असतं तर त्या एका शब्दावर ती आयुष्य काढायला तयार होती. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जीभ वळेना.

"शिट्टी वाजली होती गं," तो म्हणाला.

बस आली. तो आधाराला हात द्यायला उठला, तर ती डाव्या हाताने दांडी धरून एकटीच चढून गेली.