तीन कुलपांची पेटी

हा मोसम नीट पार पडला तर मावशीला तीन गोष्टी मिळायच्या होत्या: केंद्रावरची कायमची नोकरी, पाठ टेकायला खुर्ची आणि जावेचं तोंड बंद. तिसरीचं मोल पहिल्या दोन्हींहून जास्त.

दूध थंड करायचं केंद्र गावाच्या मालकीचं. गोठेवाले, टँकरवाला आणि चीज करणाऱ्या बायका यांनी मिळून उभारलेलं. पहिल्याच वर्षी कुणीतरी आपलं दूध निघाल्यावर बिल वाचवायला मशीन बंद केलं. तेव्हापासून विजेच्या पेटीला तीन कुलपं, तिघांकडे एकेक किल्ली. तिघांच्या परवानगीशिवाय कुलपाला हात लावणारा कामावरून बंद.

मंगळवारी सकाळी, टाकीत कोमट दूध ओतून होतंय तोच खटका पडला. मशीन गप्प. खटका वर करायला एक बोट पुरलं असतं. पण तिन्ही किल्ल्या एकाच जीपमध्ये बसून शहरात गेल्या होत्या, सहकार्याच्या शिबिराला.

मावशीनं अध्यक्षांना, म्हणजे थोरल्या गोठेवाल्यांना, फोन लावला. “कुलपं तोडू का?”

“माझी कुठं ना आहे? पण टँकरवाल्याला विचार. नाहीतर म्हणेल, परस्पर तोडलं.”

टँकरवाला अध्यक्षांच्या शेजारच्याच खुर्चीत होता, त्यानं फोन घेतला. “तोडा की मावशी! फक्त चीजवाल्या बाईंना हो म्हणू द्या.”

बाई म्हणाल्या, “आमचं हो आहे गं, पण आधी अध्यक्षांनी सगळ्यांसमोर म्हणावं. मागाहून आमच्या गळ्यात नको.”

“अहो, ते तुमच्या शेजारीच बसलेत ना?”

“होते. आता त्यांचं भाषण सुरू झालंय.”

मावशी हातोडी मांडीवर घेऊन टाकीपाशी बसली. तापमानाचा काटा चढत होता. तिनं पुन्हा तिघांना फोन लावले. तिन्ही बंद.

संध्याकाळी तिघं आले. “आधी तुम्ही”, “छे, तुम्ही” करत कुलपं उघडली. मशीननं नासलेलं दूध छान गार केलं.

“हातोडी हाताशी होती, आणि नुसती बसलीस?” अध्यक्ष म्हणाले. पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

दूध गोठेवाल्यांचं गेलं, टँकरची एक खेप बुडाली, बायकांची पातेली कोरडी राहिली. दोष सगळा मावशीच्या नावावर पडला आणि नोकरी गेली.

घरी जाऊ एक शब्द बोलली नाही. मुकाट्यानं चहा पुढे ठेवला. ठरल्या तिन्हींतली एवढीच गोष्ट मावशीच्या पदरात पडली, आणि जावेच्या गप्प बसण्यासाठी इतकी किंमत गावात दुसऱ्या कुणीच मोजली नव्हती.